स्वयंपाकघरातला स्विच

माझ्या नवऱ्याला पहिली फिट आली तेव्हा त्याच्या हातात चहाचा कप होता. रविवारची सकाळ, डोंबिवलीतलं आमचं तळमजल्यावरचं घर. तो जेवणाच्या टेबलाशी बसलेला आणि मी ओट्यापाशी उभी. कप पडल्याचा आवाज आला असता तर मी लगेच वळले असते, पण कप पडलाच नाही. काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही म्हणून मागे पाहिलं, तर तो ताठ झालेला, मान एका खांद्याकडे ओढलेली, आणि कप मुठीत. गरम चहा मनगटावरून ओघळत होता तरी मूठ सुटत नव्हती. मग सगळं अंग झटके द्यायला लागलं. कपाचा कान तुटला, त्याचा तुकडा तळहातात रुतला, आणि तरी मूठ मिटलेलीच.

आमचं लग्न कॉलेजपासूनच्या ओळखीतलं, त्यामुळे एकमेकांना अरे-तुरे. इतक्या वर्षांत त्याला साधी चक्कर आल्याचंही मला आठवत नव्हतं. ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या सुरू केल्या आणि काय काय करायचं नाही ते सांगितलं. गाडी चालवायची नाही, पोहायचं नाही, शिडीवर चढायचं नाही, चालू मशीनजवळ उभं राहायचं नाही.

शेवटचं त्याच्या मनाला लागलं. तो वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टूलरूम सांभाळायचा. लेथ, ड्रिल, ग्राइंडर यांच्यातच त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. कंपनीने त्याला वाईट वागवलं नाही. वरच्या मजल्यावर टेबल दिलं, कॉम्प्युटर दिला. पण खालून मशीनचे आवाज यायचे आणि हा वर बसून आकडे भरायचा. थोड्याच दिवसांत त्याने स्वतःहून नोकरी सोडली. मी इथल्याच एका शाळेत शिकवते. दुपारी घरी यायचे तर तो खिडकीपाशी बसलेला असायचा, दोन्ही हात मांडीवर, जणू ते कोणीतरी त्याच्याकडे सांभाळायला दिलेत.

असं बरेच महिने चाललं. फिट पुन्हा आली नाही. आणि मग एक दिवस जेवताना तो म्हणाला, "मागच्या खोलीत सुतारकाम सुरू करावं म्हणतोय."

मागची खोली म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली छोटी खोली. मुलगी तिथे अभ्यास करायची. ती नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून तिथे गाद्या आणि जुनं सामान होतं.

"हाताने करणार ना?" मी विचारलं. "करवत, रंधा वगैरे?"

"थोडं हाताने. थोडी छोटी मशीनं लागतील."

मला समोर तो दिसत नव्हता, ती मूठ दिसत होती.

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू. मनात खात्री होती की ते नाही म्हणतील. पण डॉक्टरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. तो सगळ्या गोळ्या वेळेवर घेत होता, झोप नीट होती. ते म्हणाले, "गोल फिरणारं पातं नको. ग्राइंडर नको, टेबलावरचं कटर नको. बाकी साधं काही करा, पण घरात कोणी असेल तेव्हाच. दार लावून घ्यायचं नाही."

"जिगसॉ चालेल? त्याचं पातं फिरत नाही, वरखाली होतं."

डॉक्टरांना जिगसॉ म्हणजे काय ते माहीत नसावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मला माहीत असेल. मी तेव्हा जिगसॉ पाहिलेलाही नव्हता.

तो पाहिला ठाण्याच्या हत्यारांच्या दुकानात. भिंतभर मशीनं टांगलेली, हिरवी, निळी, पिवळी. नवऱ्याचा चेहरा आत शिरताच बदलला. कित्येक महिन्यांनी मी त्याला असं ताठ चालताना पाहिलं. एकेक मशीन हातात घेऊन वजन बघायचा, वायर कुठून निघते ते बघायचा, दुकानदाराशी मोटरबद्दल बोलायचा. मी त्याच्या मागे मागे, पर्स छातीशी धरून. प्रत्येक मशीनचा कापणारा भाग कुठे आहे तेवढंच मी बघत होते.

दुकानदार बोलका होता. जिगसॉ, म्हणजे हातात धरून लाकूड कापायची विजेची करवत, माझ्याच हातात देत म्हणाला, "ताई, हे बघा, ट्रिगर दाबला की चालू. आणि बाजूचं हे बटण दाबलं की लॉक. मग बोट काढलं तरी चालूच राहतं. लांब कापायचं असलं की बोट दुखत नाही."

"बोट काढलं तरी चालू?"

"हो ना, आरामात."

"आम्हाला असं नको," मी म्हटलं. "बोट काढलं की बंद झालं पाहिजे."

दुकानदाराला हे गिऱ्हाईक विचित्र वाटलं असणार. पण नवऱ्याला पटलं. तो म्हणाला, बरोबर आहे, हात सुटला की थांबणारंच घेऊ. मग त्या दोघांनी शोध सुरू केला. सँडर, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करायचं मशीन, बाद झालं, कारण त्याचं बटण एकदा दाबलं की मशीन चालूच. राउटर, म्हणजे लाकडात खाचा पाडायचं मशीन, तेही बाद. गोल पात्याचं कटर तर दुकानदाराने काढलं तेव्हाच मी मान हलवली. शेवटी लॉक नसलेला, बॅटरीवरचा एक जिगसॉ मागच्या कपाटातून निघाला. पण बॅटरीवरचा म्हणजे तो भिंतीवरच्या स्विचने बंद करता येणार नाही, हे माझ्या डोक्यात आलं आणि मी तोही नको म्हटलं. नवरा वैतागला. मग दुकानदारानेच तोडगा काढला. वायरचा जिगसॉ घ्या, लॉकचं बटण आमचा मेकॅनिक काढून टाकेल. तसा तो घेतला. एक ड्रिल, एक व्हॅक्युम, म्हणजे भुसा ओढायचं मशीन, आणि लाकूड टेबलाला आवळून धरायला चार मजबूत क्लॅम्प. बाकी हाताची हत्यारं.

परत येताना रिक्षात तो खोकी मांडीवर घेऊन बसला होता. खूश होता. म्हणाला, "बघ, किती सेफ झालं. हात सुटला की मशीन बंद."

मी हो म्हटलं. बाहेर बघत राहिले. दुकानात असताना हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं, पण आता रिक्षात बसल्यावर आलं. त्याचा हात त्या दिवशी सुटला नव्हता. आवळला होता. फिट आली तर तो ट्रिगर सोडणार नाही, घट्ट दाबून धरेल. आम्ही दिवसभर जे शोधत होतो ते आमच्या काही कामाचं नव्हतं.

घरी आल्यावर हे त्याला सांगितलं. त्याला फिटमधलं काहीच आठवत नाही. आपली मूठ कशी दिसते ते त्याने कधी पाहिलेलंच नाही. मग तो उठला, मागच्या खोलीत गेला आणि तिथले प्लग मोजत उभा राहिला. "या खोलीची वायर स्वयंपाकघरातून येते," तो म्हणाला. "तुझ्या ओट्याजवळ एक स्विच बसवून घेऊ. सगळ्या खोलीचा. तू लावशील तेव्हाच इथे करंट येईल. काही वाटलं तर तू बंद कर."

इलेक्ट्रिशियनने मिक्सरच्या प्लगशेजारी तो स्विच बसवला. जाड, काळा, दाबल्यावर लाल दिवा लागणारा.

खोली लागायला बरेच दिवस गेले. त्याने गाद्या हलवल्या, कल्याणच्या वखारीतून सागाच्या जुन्या चौकटी आणल्या, त्यांचंच कामाचं टेबल केलं आणि भिंतीला बोल्ट मारून पक्कं केलं. टेबलाच्या कडा मी गोल करायला लावल्या. फरशीवर रबराची चटई घातली. पटाश्या म्हणजे लाकूड कोरायच्या धारदार छिन्न्या, त्यांना प्रत्येकीला म्यान शिवलं, जुन्या चामड्याच्या पर्समधून. नवरा हसायचा. पण त्याने एकाही गोष्टीला नाही म्हटलं नाही.

मग काम सुरू झालं, आणि माझी दुपार बदलली.

शाळेतून आल्यावर मी जेवायचे, आवरायचे, ओट्यापाशी उभी राहायचे आणि स्विच लावायचे. आतून जिगसॉ सुरू व्हायचा. थोड्याच दिवसांत मला तो आवाज कळायला लागला. पातं लाकडात असलं की आवाज जाड, घोगरा. लाकूड संपलं की एकदम बारीक. बारीक झाला की लगेच थांबला पाहिजे. थांबला नाही की माझा हात स्विचकडे जायचा. कणीक मळताना हात भरलेले असायचे म्हणून मी दुपारी कणीक मळणं सोडून दिलं. कुकर लावणंही सोडलं, कारण शिटीत आतलं काही ऐकू येत नाही. मिक्सर तर नाहीच.

"आहेस?" मी विचारायचे.

"आहे," आतून यायचं.

मशीन चालू असताना असं सारखं. सुरुवातीला तो चिडला. एकदा व्हॅक्युम एकसुरी चालत होता, जिगसॉ बंद, मी दोनदा हाक मारली, उत्तर नाही. मी खोलीचा करंट बंद करून धावले. तो वाकून पेन्सिलीने रेघ मारत होता.

"अगं, काय झालं?"

"हाक मारली मी."

"ऐकू नाही आली. व्हॅक्युम चालू होता."

"मग मी काय समजायचं?"

तो काहीतरी बोलणार होता. पण माझ्याकडे पाहून थांबला. त्याने पेन्सिल कानाला लावली, पाणी आणून दिलं आणि त्या दिवशी पुढे काम केलं नाही.

शाळेत माझी एक मैत्रीण आहे, ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळी कुटुंबातली. तिचे वडील होडी घेऊन जायचे. मी तिला एकदा विचारलं, तुझी आई घरी कशी राहायची गं?

"राहायची नेहमीसारखी," ती म्हणाली. "बाबांना जाऊ नका असं कधी म्हणाली नाही. पण ते परत येईपर्यंत जेवायची नाही. आम्हालाही वाढायची नाही."

"मग तुम्हाला काय वाटायचं?"

"भूक लागायची," ती म्हणाली. आम्ही दोघी हसलो. पण घरी जाताना मला वाटलं, माझंही तसंच चाललंय. मी त्याला नको म्हणत नाही, पण घरातलं सगळं त्या स्विचपाशी अडवून ठेवलंय.

त्याचं काम मात्र चांगलं होत होतं. आधी एक पाट केला, मग भिंतीवरची फळी, मग मुलीसाठी कोरीव कडांची छोटी पेटी. मुलगी सुट्टीला आली की खोलीत त्याच्याजवळ उभी राहून गप्पा मारायची. तिला भीती वाटत नव्हती, कारण तिने फिट पाहिलेली नव्हती. मला तिचा थोडा राग यायचा आणि थोडं बरंही वाटायचं.

हळूहळू मीही सैलावले. निदान मशीन बंद असताना तरी. आतून नुसता पॉलिशपेपरचा खस्‌खस्‌ आवाज यायला लागला की मी स्विच बंद करायचे, लाल दिवा विझायचा आणि माझे खांदे खाली यायचे. मग मी भाजी निवडायचे, वह्या तपासायचे, कोणाला फोन करायचा तर करायचे. तेव्हा मी हाक मारत नसे. कशाला मारायची? आत धोक्याचं काहीच चालू नव्हतं.

पावसाळ्याच्या शेवटी त्याला जरा कणकण होती. दुपारी बरं वाटतंय म्हणून तो खोलीत गेला. कापायचं काही नव्हतं, फक्त घासायचं होतं. मी टेबलाशी मेथी निवडत बसले होते. पॉलिशपेपरचा आवाज येत होता, मग थांबला. तो नेहमीच मधे मधे थांबायचा, हात फिरवून बघायचा. मी मेथी निवडत राहिले.

मग पोतं टाकल्यासारखा आवाज झाला. त्यामागे ठक ठक ठक, भराभर.

मी आत गेले. तो टेबल आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद जागेत पडला होता. टाचा टेबलाच्या खालच्या फळीवर आपटत होत्या, तोच तो आवाज. कपाळाच्या वर, केसांच्या कडेला रक्त. क्लॅम्पचा लोखंडी दांडा टेबलाबाहेर आला होता, त्यावर डोकं आपटलं होतं. टेबलाच्या कडा मी गोल करून घेतल्या होत्या. त्या दांड्याचा विचार मी कधी केला नव्हता.

काय करायचं ते मला पाठ होतं. मी त्याला कुशीवर वळवायला गेले, पण जागा नव्हती. त्याचे दोन्ही पाय धरून त्याला चटईसकट बाहेर ओढलं. इतकी ताकद माझ्यात कुठून आली ते माहीत नाही. कुशीवर केलं, डोक्याखाली माझी ओढणी ठेवली. तोंडात काही घालायचं नाही, हात धरून ठेवायचे नाहीत. मी नुसती जवळ बसले. त्याच्या मुठीत पॉलिशपेपरचा तुकडा होता, चुरगळून गोळा झालेला. माझ्या मनात एकच विचार फिरत होता, हे थांबणार नाही. या वेळी थांबणार नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकू माझा आवाज ऐकून आल्या. मी ओरडले असणार. त्यांच्या हातात फोडलेला कांदा होता. "नाकाला लाव, लगेच शुद्ध येईल."

"काकू, नको. रिक्षा बघा. प्लीज, रिक्षा बघा."

झटके थांबले, तेव्हा तो घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागला. तो आवाज मला इतका गोड वाटला की मी रडायला लागले. काकूंनी कांदा ओट्यावर ठेवला आणि रिक्षा आणायला गेल्या.

डोक्याला टाके पडले. स्कॅनमध्ये आत काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, ताप हे निमित्त झालं असावं, गोळी बदलू, डोस वाढवू. मशीनमुळे झालेलं नाही. पण तो आता मशीनचं नाव काढत नव्हता.

मला वाटलं होतं मीच त्या खोलीला कुलूप लावेन. झालं उलटंच. तोच आत जाईना. पाणी प्यायला स्वयंपाकघरात यायचा तेव्हाही त्या दाराकडे पाठ करायचा. टेबलावर अर्धवट घासलेली फळी तशीच पडली होती. एकदा तो म्हणाला, "तू नसतीस तर?" मी म्हटलं, मी होते ना. तो म्हणाला, "मला आठवत नाही, तेच वाईट आहे. मी उभा होतो आणि मग हॉस्पिटलमध्ये होतो. मधलं काही नाही. आता उभं राहिलं की वाटतं, पुढच्या क्षणी मी असेन का."

इतके महिने भीती फक्त माझी आहे असं मी धरून चालले होते.

शेवटी त्यानेच ठरवलं, सगळं विकून टाकू. ओळखीतून कल्याणजवळच्या मोहने गावचा एक गृहस्थ मशीनं बघायला आला. त्याला स्वतःचं छोटं वर्कशॉप काढायचं होतं. त्याने जिगसॉ उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "चालवून दाखवा की जरा."

नवरा दारातच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती, मला जमणार नाही अशी. मी ओट्यापाशी गेले, स्विच लावला, परत आले आणि जिगसॉ मीच उचलला. आजवर मी त्याला दुकानातच काय तो हात लावला होता. फळी क्लॅम्पमध्ये होतीच. ट्रिगर दाबला. हातात जिवंत जनावर धरल्यासारखं झालं. पातं लाकडात घातलं तर ते उड्या मारायला लागलं.

"खालची पट्टी लाकडावर टेकव," नवरा दारातून म्हणाला. "दाबून. वर उचलू नकोस."

मी टेकवली.

"डावा हात मागे. अजून मागे. अगं, मागे घे." तो आत आला होता. माझ्या शेजारी उभा राहून फळी बघत होता. "आता ढकलू नकोस. त्याला जाऊ दे."

फळी कापली गेली. रेघ वेडीवाकडी आली होती. भुसा माझ्या पायांवर पडला होता. नवऱ्याने तुकडा उचलून कडेवरून अंगठा फिरवला.

"कितीला देता?" गृहस्थाने विचारलं.

नवरा म्हणाला, "थांबा जरा." मग तो तुकडा त्याने टेबलावर ठेवला. गृहस्थ आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. "आधी तुम्ही ठरवा," तो म्हणाला, चहा प्यायला आणि गेला.

आता आमच्याकडे असं चालतं. मापं तो घेतो, खुणा तो करतो, जोड तो बसवतो, पटाशी तो चालवतो, माझ्यासमोर. मशीन मी चालवते. खोलीचं दार आम्ही बिजागऱ्यांतून काढूनच टाकलं. क्लॅम्पच्या दांड्यांना जुने टेनिस बॉल खोचले आहेत. शाळेच्या वाचनालयासाठी मुलांच्या उंचीची एक बुटकी मांडणी सध्या करतोय, पहिलीच्या मुलांचे हात वरच्या फळीपर्यंत पोहोचतील अशी.

माझी भीती गेली असं नाही. ट्रिगर दाबायच्या आधी मी आजही हात पदराला पुसते आणि एकदा त्याच्याकडे बघते. तो स्टुलावर बसलेला असतो, गुडघे घट्ट धरून. माझं बोट पात्याच्या जवळ गेलं की तो श्वास रोखतो, ते मला मशीनच्या आवाजातही कळतं. कधी कधी मी मुद्दाम लवकर थांबते, त्याच्यासाठी.

फिट पुन्हा आलेली नाही. पुढच्या महिन्यात ठाण्याला डॉक्टरांकडे जायचंय. काल जेवताना तो सहज म्हणाला, गाडी चालवण्याचं या वेळी विचारून बघूया. मी त्याला आमटी वाढली.